व्रोत्सवाफला जाणाऱ्या भाचीस

गोराई, बोरिवली (पश्चिम)

चि. सायली हिस,

स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला परदेशी शिकण्याची संधी मिळाली की पाहावयाच्या इमारतींची यादी त्याच्या हाती आपोआप येते, आणि पोलंडमधील व्रोत्सवाफ शहरी जाणाऱ्याच्या यादीत तेथील शताब्दी सभागृहाचे नाव अग्रभागी असणे स्वाभाविकच आहे. मात्र अशी प्रसिद्ध वास्तू पाहण्यापूर्वी स्वतःच्या नजरेला काही माप आहे की नाही, हे प्रत्येकाने तपासून घ्यावे, कारण ज्याने जवळचा घुमट कधी बारकाईने पाहिलेला नाही, त्याला दूरचा घुमट केवळ मोठा दिसतो आणि तेवढे छायाचित्रावरूनही कळले असते. गोराईत वाढलेल्या विद्यार्थिनीला असे माप शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. जेट्टीवरून फेरीबोटीने खाडी ओलांडली की ग्लोबल विपश्यना पॅगोडा समोर येतो.

सहलीचे ठिकाण म्हणून हा पॅगोडा सर्वांना ठाऊक आहे, परंतु बांधकाम म्हणून त्याकडे पाहणारे थोडे. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांनी आपले गुरू सयाजी ऊ बा खिन आणि ब्रह्मदेश यांच्याविषयीच्या कृतज्ञतेपोटी त्याची योजना केली, म्हणून त्याचे बाह्यरूप यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यावरून घेतलेले आहे. 1997 साली पायाभरणी झाली, ऑक्टोबर 2006 मध्ये घुमटाच्या मध्यशिलेत, म्हणजे सर्वांत वर आणि सर्वांत शेवटी बसून बाकीच्यांना जखडून ठेवणाऱ्या दगडात, बुद्धाचे अस्थिअवशेष ठेवण्यात आले, आणि 8 फेब्रुवारी 2009 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झाले. आतला घुमट सुमारे 85 मीटर, म्हणजे 280 फूट व्यासाचा असून त्याखाली सुमारे आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतात आणि त्यांच्या मध्ये एकही खांब येत नाही. विजापूरचा गोलघुमट आतून 38 मीटरांच्या आसपास आणि रोमचे पँथेऑन 43 मीटरांच्या थोडे पुढे आहे, एवढे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते.

खरे नवल आकारमानात नसून साधनात आहे. जगभर मोठी छपरे पोलादाने आणि सळ्या घातलेल्या काँक्रीटने उभी राहत असताना हा घुमट एकमेकांत अडकणाऱ्या घडीव दगडांनी रचला गेला आणि त्यासाठी जोधपूरचा दगड आणला गेला. दगड दाब उत्तम सोसतो, ताण मात्र त्याला सोसत नाही. घुमटाच्या वरच्या भागात दगड एकमेकांवर दाबले जातात, तर खालच्या भागात सगळे वलय बाहेर फाकू पाहते. या फाकण्याला वलयताण म्हणतात, आणि तो आवरण्यासाठी जुन्या कारागिरांनी घुमटाच्या तळाशी जाडी आणि वजन वाढवले. लोखंडाला गंज चढतो आणि खाऱ्या हवेत तो लवकर चढतो, त्यामुळे शतकानुशतके टिकावे म्हणून बांधलेल्या वास्तूने समुद्राकाठी दगडाचा मार्ग धरला, यात भावनेइतकाच हिशेबही आहे. अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारे पुष्कळजण या निर्णयाला मागासलेपणा समजतात. त्यांनी बोरिवलीतल्या कोणत्याही तीस वर्षे जुन्या सोसायटीच्या गच्चीखाली उभे राहून सुटलेल्या प्लास्टरमधून डोकावणाऱ्या सळ्या पाहाव्यात.

याचे उलट टोक व्रोत्सवाफमध्ये आहे. हे शहर तेव्हा ब्रेस्लाउ नावाने जर्मन साम्राज्यात होते, आणि नगराचे वास्तुविशारद माक्स बर्ग यांनी 1911 ते 1913 या काळात, नेपोलियनविरुद्धच्या 1813 च्या युद्धाच्या शताब्दीनिमित्त, हे सभागृह उभारले. मधले वर्तुळाकार दालन 65 मीटर व्यासाचे आणि 42 मीटर उंच असून त्यावर प्रबलित काँक्रीटच्या, म्हणजे आत पोलादी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, 32 फासळ्यांचा घुमट आहे. दगडाला न झेपणारा ताण येथे पोलाद उचलते, त्यामुळे भरीव कवचाची गरज उरत नाही आणि फासळ्यांमधल्या मोकळ्या जागेतून प्रकाश आत येतो. आधुनिकतावाद म्हणजे मागील काळाची उसनी नक्षी टाळून साहित्य, उपयोग आणि भारवहन यांनाच रूप ठरवू देणारी विचारसरणी. ती नावारूपास येण्याआधीच काँक्रीट उघडे ठेवण्याचे धाडस बर्ग यांनी केले. लाकडी साच्याच्या फळ्यांचे ठसे आजही त्या पृष्ठभागावर दिसतात. भिंतींना प्रतिध्वनी कमी करण्यासाठी लाकूड किंवा बूच मिसळलेल्या काँक्रीटचा थर दिलेला आहे. 2006 साली युनेस्कोने ही वास्तू जागतिक वारसा यादीत घेतली.

ती ज्या हेतूने बांधली तो हेतू मात्र फार काळ टिकला नाही. उद्घाटनाच्या वर्षीच जर्मन नाटककार गेऱ्हार्ट हाउप्टमान यांचे महोत्सवी नाटक पुरेसे वीरश्रीचे नाही म्हणून जर्मन युवराजाच्या नाराजीमुळे मध्येच बंद पडले, आणि 1945 नंतर शहर पोलंडचे झाल्यावर त्याच सभागृहाला लोकसभागृह हे नाव मिळाले. वास्तूचा इतिहास सांगणाऱ्यांनी केवळ वास्तुविशारदाचे नाव आणि वर्ष सांगून थांबू नये, ते यासाठीच.

आधुनिकतावादाचा एक आवडता दावा असा की इमारतीच्या बाह्यरूपावरून आतली रचना कळली पाहिजे. या दाव्याची परीक्षा दोन्ही ठिकाणी घ्यावी. श्वेडगॉन हा आतून भरीव स्तूप आहे. गोराईचा पॅगोडा बाहेरून तसाच दिसतो, पण आतून पोकळ आहे, म्हणजे त्याचे बाह्यरूप आतल्या सभागृहाविषयी काहीच सांगत नाही. शताब्दी सभागृहही या बाबतीत पूर्ण प्रामाणिक ठरत नाही, कारण बाहेरून दिसतात ती एकावर एक रचलेली खिडक्यांची कंकणे आणि फासळ्यांचा झुकाव उलगडतो तो आत गेल्यावरच. ग्रंथांतून त्याचे कौतुक वाचताना हे लक्षात राहिले तर कौतुक कमी होत नाही, त्याला अर्थ येतो.

या दोन थोर वास्तूंच्या नादात राहत्या वसाहतीला विसरू नये. गोराई आणि चारकोप येथील म्हाडाची वसाहत 1985 साली सुरू झालेल्या, जागतिक बँकेचे अर्थसाह्य लाभलेल्या योजनेतून उभी राहिली. तीत शासनाने भूखंड, रस्ते, पाणी आणि मलनिस्सारण दिले आणि घर वाढवणे कुटुंबांवर सोपवले. घुमट पूर्ण झाल्यावर त्याच्या कर्त्याचे काम संपते, येथे मात्र वास्तुविशारदाच्या पश्चात रहिवाशांनी मजले चढवले, गॅलऱ्या बंद केल्या, दुकाने काढली. या घरांचा नकाशा काढण्याइतका कठीण अभ्यास क्वचितच सापडेल.

जाण्यापूर्वी पॅगोड्याला शनिवार-रविवारची गर्दी टाळून सकाळी जावे. ज्यांनी दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केलेले नाही त्यांना मुख्य दालन काचेआडून पाहावे लागते, म्हणून तेथे घाई न करता थांबावे, घुमट भिंतीवर कोठे टेकतो आणि प्रकाश कोठून येतो याची नोंद करावी, आणि बाहेरच्या प्रदक्षिणामार्गावर पावलांनी परीघ मोजावा. व्रोत्सवाफमध्येही प्रथम कॅमेरा न काढता दालनात बसावे, एका फासळीवर नजर ठेवून ती वरच्या वलयापासून खाली कोठवर येते ते शोधावे, मगच पेन्सिल हाती धरावी. छेद, म्हणजे वास्तू उभी कापली तर दिसणारे चित्र, काढल्याशिवाय घुमट समजला असे मानू नये.

दोन्ही घुमटांचे छेद एकाच प्रमाणात, एकाच कागदावर काढून ते दिवाळीपूर्वी मामांकडे पाठवावेत.