पथ्य किती, कधीपर्यंत?

आई-बाबांनो, मुलाचे जुलाब थांबले, डॉक्टरांनी ‘काही दिवस हलकं द्या’ सांगितलं, की घरात पेज आणि मऊ भात सुरू होतो. ते योग्यच. पुढे जरा भाजी देऊन बघावी, तर शीमध्ये गाजराचे तुकडे नि टोमॅटोची सालं दिसतात. ‘बघा, पचलंच नाही!’ म्हणून भाजी पुन्हा बंद. असं करता करता पेजेवरच महिना उलटतो आणि पोर सुकतं.

शीमध्ये सालं दिसली म्हणून घाबरू नका. भाजीतला चोथा विरघळवणारा पाचकरस आपल्या कुणाच्याच पोटात नसतो. मक्याच्या दाण्याचं टरफल धडधाकट माणसाच्याही पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. लहान मुलं नीट चावत नाहीत, म्हणून तुकडे जास्त दिसतात, एवढंच. उलट चोथ्याचा काही भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं द्रव्य तयार होतं आणि मुख्यतः त्यावर तिथल्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. म्हणजे भाजी फार दिवस तोडली, तर ज्या आतड्याला जपायचं त्याचाच घास आपण काढून घेतो.

तेव्हा भाजी तोडू नका, तिचं रूप बदला. दुधी, लाल भोपळा साल-बिया काढून कुकरमध्ये गाळ शिजवा आणि मुगाच्या वरणात घोटा. शेवग्याची शेंग उकडा, उभी चिरा, चमच्याने गर खरवडून आमटीत घाला. शिरा टाकून द्या. सफरचंद सोलून वाफवा. कच्ची काकडी, गवार, मोडाची मटकी यांना घाई नको. एका वेळी एकच नवी भाजी, दोन चमचे. दोन-तीन दिवस तेवढीच. पोट फुगलं, मुरडा आला, तर काही दिवस थांबा आणि कमी प्रमाणात पुन्हा सुरू करा.

काही आजारांत मात्र स्वतःच्या मनाने काही करू नका. क्रोन्स या आतड्याच्या आजारात आतडं अरुंद झालं असेल, तर चोथा अडकू शकतो. सीलिॲक आजारात गहू कितीही मऊ शिजवला तरी चालत नाही. ते पथ्य जन्मभराचं. शीमध्ये रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप किंवा घटतं वजन दिसलं, तर लगेच डॉक्टरांना गाठा.

यातलं काही नसेल, मूल भुकेलं होऊन ताटावर बसत असेल, खेळत असेल, वजन धरत असेल, तर दोन-चार सालं दिसली म्हणून त्याचं ताट पुन्हा रिकामं करू नका.