गंज खरवडण्याआधी

किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, औसा तालुक्यातली आमच्या चुलत्यांची गढी निम्मी खाली आली. माणसे वाचली. पुढे दगडमाती उपसताना ओसरीच्या भिंतीतून मेणकापडात गुंडाळलेली तलवार निघाली. १९४८ साली, रझाकारांच्या धामधुमीत, आजोबांनी ती चिणून ठेवली होती, असे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत होते. पाते काळपट पडले होते, पण पाठीवर मुठीलगत सोन्याची बारीक अक्षरे दिसत होती. मोडी असेल, फारसी असेल, असा काथ्याकूट बराच झाला. जाणकाराला दाखवायचे ठरले, आणि घर सावरण्याच्या धावपळीत ते राहून गेले.

काही वर्षांनी खंडेनवमीच्या तोंडावर घरातल्या एका उत्साही पोराने ती वर्कशॉपमध्ये नेली आणि ग्राइंडरवर बफ मारून आणली. पाते लखलखीत झाले, अक्षरे गेली. त्यांचा फोटोदेखील कुणी काढलेला नव्हता. पुढे एका व्यापाऱ्याने ती हातात घेतली, पाठ उलटसुलट पाहिली आणि लोखंडाचा भाव सांगितला. त्याचा मला राग आला होता, पण त्याचे काही चुकले नव्हते. ती तलवार कुणाची हे सांगणारी एकमेव गोष्ट आता तिच्यावर नव्हती.

तेव्हापासून कुणी जुनी तलवार दाखवली, की मी आधी विचारतो, ‘घासली नाही ना?’ आपल्याकडे नवमीला चिंच, राख, विटेची पूड लावून शस्त्र घासण्याची रीत आहे. अलीकडे पॉलिश पेपरही आला. वर्षातून एकदाच घासतो म्हणतात, पण शंभर वर्षांत पात्यावरची नक्षी पुसायला तेवढे पुरते. काळपट, घट्ट बसलेला गंज तलवारीला खात नाही. नारिंगी, बोटाला लागणारी पूड दिसली तर तेवढीच मऊ सुती फडक्याने टिपावी आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. ओले कुंकू पात्याला लावू नये, म्यानाला लावावे. देवी रागावत नाही.

अक्षरांचे मोल किती, ते २०२५ साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि राज्य सरकारने सुमारे ४७ लाख रुपये देऊन ती परत आणली. तिचे पाते युरोपी बनावटीचे, मूठ मराठा घाटाची. पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरीत ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आहे म्हणून ती कुणाची हे ठामपणे म्हणता आले. ती ओळ बफखाली गेली असती, तर अशा युरोपी पात्याच्या फिरंगी तलवारी दख्खनेत पुष्कळ झाल्या, त्यातलीच ती एक ठरली असती.

म्हणून पाते आणि मूठ वेगवेगळी वाचावीत. आपल्या भागात मूठ बदलणे सर्रास चाले. बापाचे पाते, मुलाच्या काळची मूठ. युरोपी पाती बंदरांवर उतरत आणि इथले कारागीर त्यांना खांड्याची मूठ चढवत. विलायती छाप दिसला म्हणून हुरळून जाऊ नये, कारण ते छाप इथले लोहारही तेव्हापासून उठवत आले आहेत. फारसी नावांचेही तेच. इस्फहानच्या असदुल्लाचे नाव जितक्या पात्यांवर आहे, तितकी पाती त्या एका कारागिराने घडवणे शक्यच नाही. नाव वाचून किंमत ठरवणारा हमखास फसतो.

पोलाद मात्र सहसा खोटे बोलत नाही. नांदेडहून फार लांब नाही, निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. तिथल्या मुशींतले पोलाद न्यायला इराणचे व्यापारी येत. हेन्री व्हॉयसी या इंग्रजाने तिथली भट्टी पाहून केलेले वर्णन १८३२ साली छापून आले. त्या पोलादाच्या पात्यावर लाटांसारखी बारीक नागमोडी नक्षी असते. तिला जौहर म्हणतात. खरा जौहर लोखंडाच्या आतून आलेला असतो, म्हणून तो एकसारखा नसतो. कुठे दाट, कुठे विरळ. ॲसिडने उठवलेली नक्षी छापील कापडासारखी सगळीकडे सारखी दिसते.

बनावट माल ओळखायला आधी पाते हातात तोलून बघा. जुने पाते मुठीकडून टोकाकडे पातळ होत जाते, त्यामुळे तलवार हाताला हलकी लागते. गाडीच्या कमानपाट्याची केलेली नवी तलवार शेवटपर्यंत सारख्याच जाडीची आणि पुढे जड असते. मुठीवरचे सोने भिंगाखाली धरा. खऱ्या कोफ्तगिरीत सोने झिजले तिथे लोखंडावर आडव्याउभ्या बारीक रेघा दिसतात, कारण रेघा ओरखडूनच त्यावर सोन्याची तार ठोकलेली असते. नुसता मुलामा असेल तर खाली गुळगुळीत धातू निघतो.

मूठ सुटी करून पाहण्याचा मोह मात्र आवरा. जपानी तलवारीची मूठ बांबूची खुंटी काढली की निघते, आत पोलादावर बहुधा कारागिराचे नाव असते आणि त्या भागावरचा गंज तिथले लोक जाणूनबुजून राखतात, कारण त्याच्या रंगावरून वय कळते. आपली मूठ लाखेने बसवलेली असते. ती तापवल्याशिवाय सुटत नाही, आणि बेताल तापवली की पात्याचे पाणी उतरते.

नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या आसपास तलवारींची दुकाने आहेत. नवी तलवार नवी म्हणून घ्यायला हरकत कसली? घोळ होतो तो कुठलीतरी नवी तलवार मिठात, शेणात मुरवून ‘गढीतून निघाली’ म्हणून विकायला आणली जाते तेव्हा. डोळा तयार करायचा असेल तर हुजूर साहिबला संध्याकाळच्या आरतीनंतर शस्त्रदर्शन असते, तिथे जा. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातले शस्त्रदालनही सावकाश पाहा. खरी शस्त्रे पुष्कळ पाहिल्याशिवाय खोटे डोळ्याला खुपत नाही.

आता कायद्याचे. ९ इंचांहून लांब पात्याची तलवार शस्त्र नियमांच्या यादीत येते; ‘वाडवडिलांची आहे’ एवढ्याने सुटका होत नाही. घरात असेल तर वकिलाला विचारून ठाण्यात लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. जाणकाराला दाखवायला तलवार घेऊन एसटीने फिरू नका, फोटो काढून न्या: पाठ, मूठ, मुठीच्या वाटीची आतली बाजू, टोक. भिंतीत किंवा जमिनीत सापडलेली वस्तू १० रुपयांहून अधिक मोलाची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. आमच्या तलवारीचा मालक कोण हे सांगणारी माणसे हयात होती. सगळ्यांचे तसे नसते. १०० वर्षांहून जुनी तलवार परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला १९७२ च्या कायद्याखाली परवाना लागतो. विकणाऱ्याकडे तो मागा, आणि तलवार कुणाच्या घरातून आली हे त्याच्याकडून लिहून घ्या. तो कां-कूं करू लागला तर ती तलवार घेऊ नका. खरी असली तरी नको.