अटीतटीची लढत आणि मतांचे गणित: रायगड मतदारसंघाचा अभ्यास

लोकशाहीत प्रत्येक मताचे मूल्य समान मानले जाते. परंतु निकालावर होणारा प्रत्येक मताचा परिणाम समान असतोच असे नाही. ज्या मतदारसंघात एकाच पक्षाचे निर्विवाद वर्चस्व असते, तेथे काही हजार मते इकडची तिकडे झाली तरी निकाल बदलत नाही. याउलट, ज्या मतदारसंघातील जनमत जवळजवळ समसमान विभागलेले असते, तेथे थोडी मतेही पाच वर्षांचे प्रतिनिधित्व कोणाकडे जावे हे ठरवतात. अशा ठिकाणी कोणाला किती मते मिळाली एवढे पाहून भागत नाही. उरलेली मते कोठे गेली, याचाही विचार करावा लागतो. कोकण किनाऱ्यावरील रायगड लोकसभा मतदारसंघ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

विभागलेला किनारा

रायगड जिल्ह्याचे पूर्वीचे नाव कुलाबा. १९८१ साली जिल्ह्याचे नाव बदलले, तरी लोकसभा मतदारसंघ पुढेही कुलाबा याच नावाने ओळखला जात असे. १९५२ साली येथून काँग्रेसतर्फे चिंतामणराव देशमुख निवडून आले. १९५७ साली ही जागा शेतकरी कामगार पक्षाने जिंकली, १९६२ साली ती काँग्रेसकडे परत आली आणि १९६७ साली पुन्हा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. लंबकाचे हे आंदोलन १९८९ पर्यंत असेच चालू राहिले. लागोपाठच्या नऊ सार्वत्रिक निवडणुकांत एकाही पक्षाला ही जागा सलग दोनदा राखता आली नाही.

या दुभंगाची मुळे जमिनीच्या प्रश्नात होती. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि काही वर्षे जमिनी कसण्यास नकार दिला. स्वातंत्र्यानंतर अलिबाग-पेणच्या खारेपाटात शेतकरी कामगार पक्षाला जो भक्कम आधार लाभला, त्याची भूमी अशी आधीच तयार झालेली होती.

२००८ च्या पुनर्रचनेत पनवेल, उरण आणि कर्जत हे विधानसभा मतदारसंघ मावळ लोकसभा मतदारसंघाला जोडण्यात आले. पेण, अलिबाग, श्रीवर्धन व महाड या चार मतदारसंघांत रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व गुहागर मिळवून आजचा रायगड मतदारसंघ तयार झाला. त्यामुळे शेतकरी कामगार पक्षाचा उत्तरेकडील टापू आणि शिवसेनेचा प्रभाव असलेला दक्षिणेकडील टापू एकत्र आले. या रचनेत शेतकरी कामगार पक्षाला एकट्याच्या बळावर विजय मिळवणे कठीण झाले. परंतु विजयाचे पारडे कोणाकडे झुकावे, हे ठरवण्याची शक्ती त्याच्याकडे राहिली. २००९ साली या पक्षाच्या पाठिंब्याने शिवसेनेचे अनंत गीते यांनी काँग्रेसचे अब्दुल रहमान अंतुले यांचा १,४६,५२१ मतांनी पराभव केला.

२०१४: दोन हजार एकशे दहा मते

२०१४ साली चित्र पालटले. शेतकरी कामगार पक्षाने रमेश कदम यांना स्वतंत्रपणे उभे केले. गीते यांच्यासमोर राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे, म्हणजे त्या वेळचे राज्याचे जलसंपदा मंत्री, उभे होते. १६ मे रोजी मतमोजणी झाली तेव्हा गीते यांना ३,९६,१७८ आणि तटकरे यांना ३,९४,०६८ मते मिळाल्याचे दिसून आले. अंतर केवळ २,११० मतांचे होते. सुमारे पंधरा लाख मतदारांच्या मतदारसंघात हे अंतर नगण्य म्हणावे लागेल. तरीही गीते लोकसभेत गेले व केंद्रीय मंत्रिमंडळात अवजड उद्योग खात्याचे मंत्री झाले.

या अंतराशेजारी आणखी तीन आकडे ठेवून पाहणे आवश्यक आहे. तटकरे यांच्याशी नाव व आडनाव दोन्ही जुळणाऱ्या एका अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मते मिळाली. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय वीस हजारांहून अधिक मतदारांनी निवडला. शेतकरी कामगार पक्षाच्या उमेदवाराला १,२९,७३० मते मिळाली. यांपैकी प्रत्येक आकडा विजयाच्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा आहे.

नामसाधर्म्याचा प्रश्न

समान नावाचा उमेदवार उभा राहणे बेकायदेशीर नाही. ज्याला आवश्यक ते सूचक मिळतात आणि जो अनामत रक्कम भरू शकतो, त्याला त्याच्या नावामुळे निवडणूक लढवण्यापासून रोखता येत नाही. १९६१ च्या निवडणूक नियमांत अशा उमेदवारांची नावे व्यवसाय, निवासस्थान किंवा अन्य काही उल्लेख जोडून वेगळी करावीत, अशी तरतूद आहे. परंतु मतदान यंत्रासमोर उभ्या असलेल्या मतदाराला विचार करण्यास फार वेळ नसतो. ज्याला अक्षरओळख कमी आहे त्याचा सारा भरवसा चिन्हावर असतो, तर ज्याला चिन्ह ठाऊक नाही तो ऐकलेले नाव शोधतो.

९,८४९ मतांपैकी किती मते चुकून पडली, हे आकड्यांवरून सिद्ध करता येत नाही. मत गुप्त असते आणि त्यामागील हेतूही गुप्तच राहतो. मात्र त्यांपैकी चौथा हिस्सा जरी अनवधानाने पडला असला आणि तो मूळच्या तटकरे यांच्यासाठी असला, तरी निकाल उलटला असता, एवढे गणिताने निश्चित सांगता येते. येथे केवळ एका उमेदवाराची हानी होत नाही. मतदाराने मनात योजलेले आणि यंत्रात नोंदले गेलेले मत यांत फरक पडला, तर खरी हानी त्या मतदाराची होते. नामसाधर्म्यामुळे होणारा घोटाळा टाळावा म्हणून निवडणूक आयोगाने २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र छापण्याची पद्धत सुरू केली.

तिसऱ्या उमेदवाराची मते

आपल्याकडील साध्या बहुमताच्या पद्धतीत सर्वांत अधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो. त्याला निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत असे बंधन नसते. तसेच वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास उमेदवाराची अनामत रक्कम जप्त होते. २०१४ साली शेतकरी कामगार पक्षाचा उमेदवार ही मर्यादा गाठू शकला नाही. ज्याची अनामत जप्त झाली, त्याच्या मतांनी दोन बलाढ्य उमेदवारांचे भवितव्य ठरवले, हा विरोधाभास या पद्धतीतच अंतर्भूत आहे.

ही मते दिलेल्या नागरिकांना उरलेल्या दोघांपैकी कोण अधिक पसंत होता? आपल्या पद्धतीत हा प्रश्न मतदाराला विचारलाच जात नाही. तो विचारला असता काय होऊ शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेत सापडते. त्या देशाच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्याचा दुसरा काँग्रेस मतदारसंघ अरण्यमय अंतर्भाग व समुद्रकिनारा यांनी बनलेला असून राजकीयदृष्ट्याही विभागलेला आहे. २०१८ साली तेथे रिपब्लिकन पक्षाचे ब्रूस पॉलिक्विन पहिल्या मोजणीत २,१७१ मतांनी पुढे होते. रायगडच्या २०१४ च्या अंतराशी हा आकडा जवळजवळ जुळतो. परंतु तेथे पसंतीक्रमाची पद्धत होती. कोणालाही निम्म्याहून अधिक मते नसल्याने दोन अपक्ष उमेदवारांना बाद करून त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजण्यात आल्या आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे जॅरेड गोल्डन ३,५०९ मतांनी विजयी झाले. भारतातही राष्ट्रपती व राज्यसभा सदस्य यांच्या निवडणुकीत पसंतीक्रम वापरला जातो. लोकसभेसाठी मात्र तो नाही.

मते म्हणजे धान्याची पोती नव्हेत

२०१९ साली शेतकरी कामगार पक्षाने उमेदवार दिला नाही व तटकरे यांना पाठिंबा दिला. तटकरे यांनी ४,८६,९६८ मते मिळवून गीते यांचा ३१,४३८ मतांनी पराभव केला. यावरून तिसऱ्या पक्षाची मते सरळ तटकरे यांच्याकडे गेली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु आकडे तसे सांगत नाहीत. २०१४ च्या तुलनेत तटकरे यांची मते ९२,९०० ने वाढली, तशीच गीते यांची मतेही ५९,३५२ ने वाढून ४,५५,५३० झाली. सव्वा लाखाहून अधिक मते जर पोत्यांप्रमाणे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवता आली असती, तर अंतर कितीतरी मोठे झाले असते.

२०२४ च्या निवडणुकीने ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. दरम्यान शिवसेना व राष्ट्रवादी काँग्रेस हे दोन्ही पक्ष फुटले होते. तटकरे आता भारतीय जनता पक्षाच्या आघाडीत होते, तर काँग्रेस आणि शेतकरी कामगार पक्ष गीते यांच्या बाजूला आले होते. गीते यांचे जुने धनुष्यबाणाचे चिन्ह गेले होते. त्यांना मशाल या नव्या चिन्हावर लढावे लागले. उमेदवार तेच, परंतु त्यांच्यामागची माणसे बदललेली, अशी ही लढत तटकरे यांनी ८२,७८४ मतांनी जिंकली. म्हणजे २००९ साली ज्या पक्षाचा पाठिंबा गीते यांच्या विजयाला उपकारक ठरला, तोच पाठिंबा २०२४ साली अपुरा पडला.

या चार निवडणुकांवरून एक गोष्ट लक्षात येते. पक्ष आघाडी करतात, परंतु मतदार त्या कराराने बांधलेला नसतो. नेत्याने बाजू बदलली की अनुयायी त्याच्यामागे जातीलच असे नाही. काही जातात, काही जुन्या ठिकाणी थांबतात आणि काही घरीच राहतात. लढत अटीतटीची असेल, तर या लहान लहान निर्णयांची बेरीजच निकाल ठरवते. म्हणूनच २,११० या आकड्याकडे केवळ एका उमेदवाराचे मताधिक्य म्हणून पाहणे पुरेसे नाही. जे मतदानाला आले नाहीत, ज्यांनी घाईत नाव पाहिले पण चिन्ह पाहिले नाही आणि ज्यांनी जाणूनबुजून तिसऱ्याला मत दिले, त्या सर्वांचा त्या आकड्यात वाटा आहे.