ट्रॅक्टरचा ऑइल कूलर : जुना धुवावा कीं नवा बसवावा?

ट्रॅक्टरचें तेल बदलणें व एअर फिल्टर झाडणें एवढी निगा आतां बहुतेक शेतकरी बंधूंस ठाऊक आहे. परंतु पुष्कळ ट्रॅक्टरांत रेडिएटरच्या पुढें जी लहान जाळी बसविलेली असते, तिच्याकडे, म्हणजे ऑइल कूलरकडे, फार थोड्यांचें लक्ष जातें. आम्हींही तें दिलें नव्हतें. त्याचा दंड आम्हांस एका पंपाची किंमत देऊन भरावा लागला. तो इतरांस भरावा लागूं नये, एवढ्याच हेतूनें हें लिहीत आहों.

कूलरचें कार्य — बहुतेक ट्रॅक्टरांत गिअर व लिफ्ट यांस एकच तेल पुरतें. पंपाच्या दाबानें व दातऱ्यांच्या घर्षणानें तें तापतें. तापलेलें तेल पातळ होतें आणि दोन धातूंमधील त्याचा थर तुटून झीज वाढते. शिवाय तेल तापलेलें असतां उष्णतामान आणखी 10 अंश सेल्सिअसनें वाढलें, तर त्याचें बिघडणें सुमारें दुप्पट वेगानें होतें, असा ठोकळ हिशेब आहे. म्हणून तें अरुंद नळ्यांतून फिरवितात. नळ्यांस पातळ पत्र्याच्या पाकळ्या असतात व पंख्याचा वारा त्यांतील उष्णता हरण करतो.

आमची चूक — नांगरटीच्या दिवसांत आमच्या लिफ्टचा पंप घरघरूं लागला व अखेर निकामी झाला. मिस्त्रीनें पंप, फिल्टर व तेल नवें घातलें. "कूलरही नवा घ्यावा काय?" असें त्यानें विचारलें होतें. खर्च वाचविण्याकरितां "नको, डिझेलनें धुऊन हाच लाव," असें सांगणारे आम्हीच. दीड महिन्यानें पुन्हा तीच घरघर सुरू झाली. फिल्टर उघडून पाहतों तों त्यांत चकाकणारा लोखंडाचा कीस! जुना पंप झिजला तेव्हांचा कीस कूलरच्या नळ्यांत अडकून बसला होता. थंड डिझेलच्या धुण्यानें तो हालला नाहीं. पुढें कढत तेलाच्या प्रवाहानें मात्र थोडा थोडा सुटत गेला. जाड कीस फिल्टरांत अडून त्याची वाट कोंडते. अति बारीक कीस त्यांतून पार होऊन पंपांत शिरतो. नवा पंपही असा गेला.

यावरून नियम असा —
(1) कूलर केवळ भुसा व धूळ यांनीं कोंदला असेल, तर बदलण्याचें कारण नाहीं. इंजिनच्या बाजूनें बाहेर, बेताच्या दाबाची हवा मारून तो साफ करावा. पाकळ्या वाकूं देऊं नयेत.
(2) बाहेरून गळत असेल, तर कूलर बदलावा. पंप शाबूत असतां बाकीचें उघडूं नये.
(3) पंप अगर बेअरिंग तुटून तेलांत कीस आला असेल, तर कूलर धुण्याच्या भरीस न पडतां नवाच घ्यावा. त्याबरोबर नळ्या व तेलाची टाकी स्वच्छ करून फिल्टर बदलावा.

बसविण्याची रीत — ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून लिफ्ट खालीं टेकवावी व इंजिन थंड होऊं द्यावें. तेल काढल्यावर नळ्यांच्या तोंडांस स्वच्छ बुचें लावावीं. चिंध्या कोंबूं नयेत, त्यांचे धागे तेलांत जातात. नवा कूलर जुन्याशेजारीं ठेवून तोंडें व आटे जुळतात कीं नाहीं तें पाहावें. आटे प्रथम हातानें फिरवावे. अडल्यास जोर करूं नये.

नट आवळतांना दोन पाने घ्यावे. एकानें कूलरची मान धरून ठेवावी व दुसऱ्यानें नळीचा नट फिरवावा. एकाच पान्यानें जोर केल्यास मान पिळून सांधा तडकतो व नवा कूलर बसवितांच गळूं लागतो. ओ-रिंग नव्या घालाव्या. कूलरच्या बोल्टांखालीं रबरी वॉशर असतील, तर ते वगळूं नयेत. हादऱ्यापासून नळ्यांचें रक्षण तेच करतात. रबरी नळी पंख्यास किंवा पत्र्याच्या धारेस घासतां कामा नये.

नंतर ट्रॅक्टरच्या पुस्तकांत सांगितलेलें तेल भरून इंजिन मंद गतीनें कांहीं मिनिटें चालवावें. लिफ्ट चार-सहा वेळां वरखालीं करावी. पॉवर स्टिअरिंग त्याच तेलावर चालत असेल, तर तेंही दोन्ही बाजूंस फिरवावें, म्हणजे आंतील हवा निघून जाते. इंजिन बंद करून सांधे पाहावे व लिफ्ट खालीं असतां तेलाची पातळी मोजावी. रिकाम्या कूलरनें कांहीं तेल घेतलेलें असतें, तें पुन्हा भरावें. तेलावर फेस दिसल्यास कोठें तरी हवा शिरत आहे असें समजावें.

काढलेलें तेल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतूं नये. डब्यांत भरून जुनें तेल घेणाऱ्यास द्यावें. कूलर बदलल्याची तारीख व त्या दिवशींचा तासांचा आंकडा वहींत लिहून ठेवावा आणि थोडें काम झाल्यावर फिल्टर एकदां उघडून पाहावा. त्यांत कीस नसला म्हणजे काम नीट झालें.

वेळीं टाळलेला लहान खर्च थकबाकीप्रमाणें पुढें व्याजासह वसूल होतो. आमचा तर ऐन पेरणीच्या आठवड्यांत वसूल झाला, आणि वापसा कोणाकरितां थांबत नाहीं.