कुत्र्याला कोणते फळ द्यावे?

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर, नाणेघाटाच्या पायथ्याशी वैशाखरे हे गाव वसले आहे. या डोंगरपट्ट्यात उन्हाळा हा फळांचा हंगाम होय. अंगणात चिंचा फोडल्या जातात, घरात रायवळ आंब्यांची अढी लागते आणि रानात करवंदे, जांभळे पिकतात. घराची व गोठ्याची राखण करणारा कुत्रा या साऱ्यांतच वावरत असतो. माणसाला जे पचते ते कुत्र्यालाही पचते, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे.

गर चालतो, कोय नव्हे

आंबा, केळे, पपई व कलिंगड यांचा पिकलेला गर थोड्या प्रमाणात दिल्यास निरोगी कुत्र्याला सहसा अपाय होत नाही. मात्र दिवसभराच्या आहारात फळांचा वाटा दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा. अन्यथा जुलाब होतात. साल, बिया व कोय आधी काढून टाकणे आवश्यक आहे. चोखून टाकलेली कोय कुत्र्याने गिळल्यास ती आतड्यात अडकू शकते. वारंवार ओकणे, अन्न न घेणे, शौचास न होणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी अनेकदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारण्यासाठी वापरतात, यावरून त्या बिया किती घातक आहेत याची कल्पना यावी.

चिंच आणि द्राक्षे

घाटापलीकडे जुन्नर तालुक्यात द्राक्षबागा आहेत. द्राक्षे व बेदाणे खाल्ल्याने कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, हे पशुवैद्यकांना पूर्वीच आढळले होते. कारण मात्र उमगत नव्हते. अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ साली टार्टारिक आम्लाकडे लक्ष वेधले. हेच आम्ल चिंचेत विपुल असते, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच विकार दिसून आला होता. कोणत्या कुत्र्याला किती मात्रा बाधेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून द्राक्षे व बेदाणे मुळीच देऊ नयेत. वाळत घातलेली चिंच कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही अशा जागी ठेवावी आणि चिंचेचा कोळ घातलेली उरलेली आमटी त्याच्या भातावर ओतू नये.

उपचारास विलंब नको

असे फळ खाल्ल्यावर प्रथम ओकाऱ्या होतात, कुत्रा मलूल पडतो आणि पुढे एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते. लक्षणांची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय स्वतःच जिवावर बेतू शकतो. काय खाल्ले, किती व केव्हा, हे लक्षात ठेवून कुत्र्यास तातडीने नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या निःशुल्क क्रमांकावरही संपर्क साधता येतो. रात्रभर घराची राखण करणाऱ्या या मुक्या सोबत्यासाठी एवढी दक्षता घेणे सहज शक्य आहे.