स्त्रियांमधील पुनरावर्ती मूत्रमार्गसंसर्ग आणि व्याधिक्षमत्व

प्रास्ताविक

चाळिशीतील शिक्षिका. शाळेत स्वच्छतागृहाची सोय नीट नाही, म्हणून ती सकाळपासून पाणी कमी पिते आणि मूत्रवेग धरून ठेवते. दोन-तीन महिन्यांनी दाह, वारंवार प्रवृत्ती, थेंब थेंब मूत्र ही तक्रार उद्भवते. कधी दुकानातून चार गोळ्या, कधी क्षारयुक्त सरबत, आणि शेवटी 'प्रतिकारशक्ती वाढवणारे काहीतरी द्या' अशी मागणी. हे चित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. या शेवटच्या मागणीस उत्तर देण्यापूर्वी क्षमत्व म्हणजे नेमके काय, हे स्पष्ट असणे अगत्याचे आहे.

सहा महिन्यांत दोन किंवा वर्षभरात तीन वेळा संसर्ग झाल्यास त्यास पुनरावर्ती म्हणतात. स्त्रियांचा मूत्रप्रसेक सुमारे ४ सेंमी इतकाच लांब असतो व गुदमार्ग जवळ असतो. बहुसंख्य रुग्णांत ई. कोलाय हा आतड्यातील जंतूच कारणीभूत ठरतो.

संप्राप्तीचा विचार

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानातील त्रिमर्मीय अध्यायात मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार वर्णिले असून बस्तीस हृदय व शिर यांच्या बरोबरीने मर्म मानले आहे. मूत्रवेगाच्या धारणाचे दुष्परिणाम सूत्रस्थानात स्वतंत्रपणे सांगितले आहेत. अतिव्यायाम, तीक्ष्ण औषध, रूक्ष मद्य, अध्यशन व अजीर्ण ही हेतूंची यादी आजही रुग्णेस विचारण्याजोगी आहे.

आधुनिक संशोधनानुसार ई. कोलायच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म तंतू बस्तीच्या अंतःस्तरातील पेशींना चिकटतात. जंतू पेशींच्या आत शिरून समूह करतात. काही तेथे निद्रिस्त राहतात. प्राण्यांवरील प्रयोगांत हे स्पष्ट दिसले आहे. मूत्र तपासणीत निर्जंतुक दिसूनही व्याधी पुन्हा उद्भवण्याचे हे एक कारण असू शकते. दुसरे कारण म्हणजे आतड्यातून वा योनिमार्गातून होणारा नवा संसर्ग.

शरीराचा प्रतिकार

मूत्राचा प्रवाह हा पहिला रक्षक. वृक्कात तयार होणारे यूरोमोड्युलिन हे प्रथिन जंतूंच्या तंतूंना बांधून त्यांना मूत्रासह बाहेर घालवते. जंतूंची चाहूल लागताच बस्तीच्या पेशी संदेशद्रव्ये सोडतात व श्वेतपेशी धावून येतात. दाह व मूत्रातील पूयपेशी हा याच लढ्याचा परिणाम होय. योनिमार्गातील लॅक्टोबॅसिलस जंतू आम्लता राखून ई. कोलायला थारा देत नाहीत. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने हे मित्रजंतू कमी होतात. म्हणून त्या वयात पुनरावृत्ती वाढते. योनिमार्गातून दिलेल्या इस्ट्रिऑलमुळे पुनरावृत्ती घटते, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उंदरांवरील प्रयोगांत पहिल्या संसर्गातील अतितीव्र दाहामुळे बस्तीचा अंतःस्तर बिघडून पुढील संसर्गास वाट मोकळी झाल्याचे आढळले. म्हणजे प्रतिकार केवळ 'वाढलेला' असून चालत नाही, तो प्रमाणात हवा. चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाची दोन अंगे सांगितली आहेत : उत्पन्न व्याधीच्या बलास विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीस प्रतिबंध. पुनरावर्ती रुग्णेत दुसऱ्या अंगाकडे आपले अधिक लक्ष हवे.

चिकित्सा

१) तीव्रावस्थेत औषध सुरू करण्यापूर्वी मध्यधारेचे मूत्र कल्चरसाठी पाठवावे. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा, अन्यथा शीतकपाटात ठेवावा. प्रतिजैविक आवश्यक असेल तर ते टाळण्याचा आग्रह धरू नये.

२) ज्वर, थंडी, कुक्षिशूल, वांती, गर्भिणी, अनियंत्रित मधुमेह, अश्मरी, संसर्ग शमल्यावरही मूत्रात रक्त : अशा रुग्णांस विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. वृक्कापर्यंत गेलेला संसर्ग प्राणघातक ठरू शकतो.

३) पित्तप्रधान लक्षणांत तृणपंचमूळ क्वाथ, गोक्षुर, उशीर, सारिवा, धान्यक हिम, कफानुबंधात वरुण, पुनर्नवा यांची योजना परंपरेने केली जाते. ही द्रव्ये सहायक आहेत. तीव्र संसर्गात त्यांना प्रतिजैविकाचा पर्याय समजू नये.

४) रसायनाचा विचार दोष शमल्यावर व अग्नी सुधारल्यावर करावा. मलावष्टंभ असल्यास तो प्रथम दूर करावा.

५) २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी ज्यांनी रोज दीड लिटर पाणी अधिक घेतले त्यांच्यात वर्षभरात सरासरी १.७, तर इतरांत ३.२ वेळा संसर्ग झाला. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. हृदय वा वृक्कविकार असल्यास मात्र पाण्याचे प्रमाण ठरवून द्यावे.

६) लक्षणे नसताना मूत्रात जंतू आढळले, तर गर्भिणी व मूत्रमार्गावरील काही शस्त्रकर्मे वगळता सामान्यतः प्रतिजैविक देऊ नये.

औषधविक्रेत्यांसाठी

चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकाच्या दोन-चार गोळ्या देणे कायद्याविरुद्ध तर आहेच, शिवाय त्यातून प्रतिरोधी जंतू फोफावतात. चंद्रप्रभा वटीत लवणे, क्षार व शर्करा असतात; रक्तदाब, वृक्कविकार वा मधुमेह असल्यास ती वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावी. गुळवेलीविषयीही सावधगिरी हवी. २०२१ मध्ये मुंबईतून गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यातील वनस्पतीच्या ओळखीविषयी आक्षेप घेतला. वाद कसाही असो, द्रव्याची ओळख पटलेली असणे आणि रुग्णेस यकृतविकार आहे का हे विचारणे, ही दोन्ही आपली जबाबदारी आहे.

उपसंहार

आरंभी वर्णिलेल्या शिक्षिकेस बलवर्धक चूर्णाच्या डब्यापेक्षा तीन गोष्टींची गरज अधिक आहे : एक कल्चर, पुरेसे पाणी आणि वेग आला असता जाण्याजोगी जागा. पहिल्या दोन आपल्या हाती आहेत. तिसरीसाठी शाळेच्या व्यवस्थापनास दोन ओळींचे पत्र लिहून देणे, हाही निदानपरिवर्जनाचाच भाग होय. सुज्ञ वैद्यांनी ते लिहिण्यास संकोच करू नये.