ठिणगीचे लाड

आजोबांची साडेतीनशेची बुलेट शेवटी तुझ्या वाट्याला आली तर! कास्ट आयर्नचं इंजिन, उजव्या पायाला गिअर आणि ठिणगीसाठी सीबी पॉइंट. त्या पॉइंटपुरतंच सांगतो बाळा, बाकीचं ती स्वतः शिकवेल.

१. गाडी रुसली की आधी ठिणगी बघ, कार्ब्युरेटर मागाहून — मी एक अख्खा रविवार कार्ब्युरेटर धुण्यात घालवला, आणि दोष निघाला पॉइंटवर लागलेल्या माझ्याच ग्रीसच्या बोटाचा.

२. प्लग काढून कॅपमध्ये बसव, त्याचं लोखंड इंजिनच्या फिन्सना टेकव आणि किक मार. ठिणगी निळी, टपोरी हवी. प्लगच्या भोकापासून मात्र लांब धर — तिथून पेट्रोलचा फवारा येतो, आणि भुवया उगवायला फार दिवस लागतात.

३. पॉइंट पूर्ण उघडला असताना अंतर ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगचं ०.४५ ते ०.५० मिमी. फिलर गेजनेच मोज — अंदाजाचं माप, दुरुस्तीचा बाप.

४. आधी अंतर, मगच टायमिंग — अंतर वाढलं की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. उंबरा बसवल्याशिवाय दार लावू नये.

५. टायमिंग लावताना प्लग काढ, चौथा गिअर टाक आणि मागचं चाक हाताने फिरव — किकने पिस्टन केसभर सरकत नाही, उडीच मारतो.

६. पिस्टन वर आला म्हणून हुरळू नकोस, तो कॉम्प्रेशनचाच फेरा आहे ना ते बघ. टॅपेटचं झाकण उघडलं की दोन्ही पुशरॉड बोटाने फिरायला हवेत. मी एकदा चुकीच्या फेऱ्यावर टायमिंग लावलं — सायलेन्सरच्या बाराने वाड्यातली कबुतरं उडाली, गाडी जागची हलली नाही.

७. आता प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक अलगद सोड, पिस्टन थोडा मागे ने आणि पुढे आणत टोकाच्या ०.८ मिमी अलीकडे थांबव. पॉइंट नेमका तिथे उघडू लागला पाहिजे, नाहीतर डिस्ट्रिब्युटर किंचित फिरव. दरवेळी पुढे येतानाच थांबायचं — नाहीतर दात्यांमधली ढिलाई मापात शिरते.

८. तो क्षण नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धर, ती सुटली की उघडला. किंवा किल्ली चालू करून ॲमीटर बघ — पॉइंट मिटलेला असताना काटा उणेकडे झुकतो, उघडताच मध्यावर येतो.

९. किक पायावर उलटली तर टायमिंग फार पुढे गेलंय. इंजिन तापतंय आणि चढाला ओढत नाही, तर बहुधा मागे राहिलंय. पहिल्याची खूण माझ्या नडगीवर आहे, दिवाळीत दाखवीन.

१०. कॅम बोटाने फिरवून सोड, तो टपकन मागे यायला हवा — नाहीतर ॲडव्हान्सची वजनं अडकली आहेत, आणि तू टायमिंगला उगाच शिव्या देतोयस.

११. कॅमला ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं — कमी पडलं तर पॉइंटची फायबरची टाच झिजून अंतर घटतं, जास्त झालं तर ते पॉइंटवरच उडतं.

१२. पॉइंट घासूनही पुन्हा पुन्हा काळे पडत असतील तर कंडेन्सर बदल, आणि एक जास्तीचा टूलबॉक्समध्ये ठेव — तो घाटातच जातो, गॅरेजसमोर कधीच नाही.

१३. पावसाळ्याआधी एका रात्री दिवे मालवून चालू इंजिनची प्लगची वायर बघ — चिरली असेल तर निळे किडे वळवळताना दिसतात. हात लावून खात्री करू नकोस. मी केली होती.

१४. इलेक्ट्रॉनिक किट बसवायचंय? खुशाल बसव, मी नाक मुरडणार नाही. पण गाडी सहा व्होल्टची की बारा, आणि बॅटरीची कोणती बाजू चेसीला जोडलीय, ते आधी बघ. जुनी पॉइंटची प्लेट फेकू नकोस — किट बंद पडलं की रस्त्याच्या कडेला ते दुरुस्त होत नाही, पॉइंट होतो.

१५. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवू नकोस — पॉइंट मिटलेला असला तर कॉइल तापत राहते आणि सकाळी बॅटरी मेलेली.

आठव्या मुद्द्यासाठी किल्ली चालू केली होतीस. जा, बघून ये.